समोरच्या पायऱ्यांवर

रावीला पहिला दात फुटला त्याच सकाळी फुटबॉल मंडळाचं पत्र आलं. दात समिधाच्या बोटाला लागला, तांदळाच्या कणीएवढा. ती नवऱ्याला हाक मारणार तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे प्राचार्य होते आणि त्यांचा आवाज कापत होता.

"मॅडम, आपण महागटात! सोळा कॉलेजं होती, आता अठरा करतायत. दोन नव्या जागांतली एक आपली!"

समिधा मगदूम ही माळावरच्या कॉलेजातल्या मुलींच्या फुटबॉल संघाची प्रशिक्षक. हेब्बळगी हे तिचं गाव हिरण्यकेशीच्या वळणावर, कर्नाटकाच्या इतकं जवळ, की स्वयंपाकघरात मराठी बातम्या लागायच्या आणि अंगणात कानडी. गावात कॉलेजं दोन. एक माळावर, एक नदीकाठी. दोन्हींच्या फाटकांवर संस्थापकांची लांबलचक नावं होती, पण ती टपालापुरती. गावाच्या तोंडी माळकर आणि काठकर, एवढंच. माळकर काठकरांना "काठावर पास" म्हणून चिडवायचे आणि काठकर म्हणायचे, "माळावर उगवतंय काय, कुसळं."

२०४१ साल होतं. कॉलेजांच्या फुटबॉलचा नकाशा गेली पाच-सहा वर्षं सारखा बदलत होता. पूर्वी शेजारपाजारच्या कॉलेजांचा गट असे. एका गाडीत दोन संघ बसून जात आणि भांडत परत येत. आता मंडळ ते गट मोडून नवे बांधत होतं. कोण कोणाच्या जवळ राहतं हे कोणी विचारत नव्हतं. कोणाचा सामना लांबच्या माणसाला पडद्यासमोर खिळवून ठेवतो, ते बघितलं जाई. महागट म्हणजे त्यातली सगळ्यात वरची पंगत. चार राज्यांतली निवडक कॉलेजं, संघाला स्वतःचा डॉक्टर, खेळाडूंचं पुढचं शिक्षण मोफत. समिधाच्या संघात गौतमी कोरी नावाची पोर होती. वडील गुऱ्हाळावर कामाला, आणि डावा पाय असा, की गोलरक्षकाला आधी जाळी हललेली दिसायची, मग चेंडू. असल्या पोरीसाठी महागट म्हणजे उघडलेलं दारच.

"आणि काठावरचं कॉलेज?" समिधानं विचारलं.

"त्यांचं नाव नाही. दुसरी जागा बंगळूरच्या कोणाला तरी जाईल." प्राचार्य म्हणाले. "आणि एक कलम आहे. महागटात गेलं, की गटाबाहेर सामना खेळायचा नाही. मुलींच्या पायांना विश्रांती हवी म्हणून."

म्हणजे भाऊबीजेचा सामना संपला. माळकर विरुद्ध काठकर, गेली साठ वर्षं, दर भाऊबीजेला दुपारी तीन वाजता. शिवाय जुन्या सीमाभाग गटात कॉलेजं होती सहाच. एक गेलं की पाच, आणि पाचांचा गट मंडळ चालू देत नव्हतं. माळकर वर गेले, की काठकरांना खेळायला कोणीच उरणार नव्हतं.

पत्राच्या खाली बारीक अक्षरात कारण होतं: 'सदर दोन महाविद्यालयांच्या लढतीचा चुरसांक शंभरपैकी एकोणीस आढळला. लढत जपण्याजोगी नाही.'

"एकोणीस?" समिधा हसायलाच लागली. भाऊबीजेच्या दिवशी दूधवाला समोरच्या पार्टीच्या घरी रतीब घालायला विसरतो, त्या गावात एकोणीस!

हसू अर्ध्यावरच थांबलं. काठावरच्या मुलींची प्रशिक्षक होती पूर्वा मगदूम, समिधाची सख्खी नणंद. आणि ती याच घरात, वरच्या मजल्यावर राहत होती.

पूर्वा जिन्यावरून खाली आली तेव्हा तिच्या हातात शिट्टी होती आणि तोंडात ब्रश. हेब्बळगीच्या बायका घरात 'येतो-जातो'च बोलतात, तशी ती ब्रश काढून म्हणाली, "मी ऐकलो सगळं. भिंती काय काँक्रीटच्या हैत व्हय? जा की मग, सूनबाई. पेढे कधी वाटतेस?"

"वन्सं, टोमणा नको हं सकाळी सकाळी."

"टोमणा कसला? खरंच बोलतो. तुझी गौतमी शिकंल." पूर्वानं रावीला उचललं, ओठ बाजूला करून दात बघितला आणि तिचा चेहरा मऊ झाला. "आयला, आमच्या वाघिणीला दात आला! आता आईच्या कॉलेजाला चाव पहिल्यांदा."

"आईचं कॉलेज म्हणजे माझंच."

"म्हणूनच म्हणालो."

पण जाताना ती दारात थांबली. "माझ्या अठरा पोरी हैत, समिधा. त्यांना काय सांगू? की आमच्यात चुरस न्हाई म्हणून?"

समिधानं त्याच दिवशी मंडळाला लिहिलं. नियमाप्रमाणे फेरमोजणी एकदाच मागता येत होती, ती तिनं मागितली. उत्तर दोन ओळींचं आलं. भाऊबीजेच्या सामन्यात पुन्हा मोजू. सरासरी साठ भरली, तर दोन्ही कॉलेजांना जोडीनं घेऊ. नाहीतर पहिला निर्णय कायम.

मोजणीला आली डॉ. तेजल वानखेडे. अमरावतीची, बत्तीस-तेहतीसची, डोक्यावर उन्हाची टोपी आणि खांद्यावर केबलचं वेटोळं. सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी ती मैदानावर दगडी पायऱ्यांशी बसून काम करत होती. पायऱ्या दोन बाजूंना, समोरासमोर. उत्तरेच्या माळकरांच्या, दक्षिणेच्या काठकरांच्या.

"ही नाडीतार," तिनं समिधाला दाखवलं. केसापेक्षा थोडी जाड काचेची तार, काळ्या आवरणात. "गेल्या वर्षी पायऱ्यांच्या फटींत बसवून गेलो होतो आम्ही. हिच्यातून प्रकाश सोडतो. काच कितीही शुद्ध असली तरी थोडासा प्रकाश जागोजागी आपटून मागे येतो. तार कुठे नखभर, नखाच्या हजाराव्या भागाइतकी जरी ताणली, तर तिथून येणारा प्रकाश बदलतो. मग कुठल्या पायरीवर काय हललं ते कळतं."

"पण नाडी? हृदयाचे ठोके कसे कळतात?"

"तुम्ही वजनकाट्यावर अगदी स्थिर उभ्या राहा. काटा तरी थोडा थरथरतो. दर ठोक्याला हृदय रक्त वर फेकतं, आणि शरीर तेवढंच खाली दाबलं जातं. बंदुकीचा दस्ता खांद्याला बसतो ना, तसं. बसलेल्या माणसाचा तो धक्का दगडात उतरतो, दगडातून तारेत. कोणाचं नाव नाही, गाव नाही. फक्त ठोके."

"आणि चुरस?"

तेजलनं दोन्ही हात समोर धरले. एक वर नेला, एक खाली. "माळकरांनी गोलकडे धाव घेतली, की या पायऱ्यांचे ठोके चढतात आशेनं. समोरच्यांचे पोटात गोळा आल्यासारखे बसतात, मग बेताल होतात. दोन बाजू जितक्या उलट, तितका अंक मोठा. आणि गंमत बघा, जिथे हा अंक मोठा, तो सामना हजार मैलांवरचा माणूससुद्धा सोडत नाही. पाच वर्षांत एकदाही चुकलेलं नाही." ती टॅबवर खुणा करत होती. "उत्तर माळकर, दक्षिण काठकर. बरोबर ना?"

"हो," समिधा म्हणाली. गेल्या वर्षीही मंडळाच्या अर्जावर तिनंच हे लिहून दिलं होतं.

तेवढ्यात आबा आले. पूर्वाचे वडील, समिधाचे सासरे. उजव्या डोळ्यावर काळी काच, काखेत चौघडी घालून शिवलेली वाकळ. ते उत्तरेच्या तिसऱ्या पायरीवर चढले, वाकळ पसरली, वर एक दगड ठेवला. उद्याची जागा धरली.

"आजोबा पण माळकर का?" तेजलनं विचारलं.

"हॅट!" आबा तिथूनच ओरडले. "जन्माचा काठकर हाय मी! चाळीस वर्षं तिथं लायब्ररीत काढली."

"मग तुमची बाजू तिकडे ना?"

"बाजू तिकडं. जागा इकडं."

तेजलनं टॅब मांडीवर ठेवला. आपण काय केलंय ते समिधाला त्या क्षणी कळलं.

"तेजल," ती हळूच म्हणाली, "पायऱ्या माळकरांच्याच आहेत. बसतं कोण, ते तुम्ही विचारलं नव्हतं. आणि मीही सांगितलं नाही. इतकं रोजचं आहे ते आम्हाला, की सांगायचं सुचलंच नाही."

गोष्ट अशी होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, २०१३ च्या भाऊबीजेला, पंचांच्या एका निर्णयावरून दगडफेक झाली होती. त्यात आबांचा डोळा गेला. दगड कोणी मारला ते कधीच कळलं नाही. पुढच्या वर्षी सामना बंद करायचं ठरत होतं. आबा तेव्हा डोळ्यावर पट्टी बांधून मैदानावर आले, सहा वर्षांच्या पूर्वाचा हात धरून, आणि सरळ समोरच्यांच्या पायऱ्यांवर, माळकरांच्या मधोमध जाऊन बसले. "मारा आता कुठनं मारायचा तो दगड," म्हणाले. तो सामना शांत झाला. त्याच्या पुढच्या वर्षी एक माळकर आजी दोन नातवंडं घेऊन काठकरांच्यात जाऊन बसली. मग ती रीतच पडली. प्रत्येक घरातली म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं समोरच्या पायऱ्यांवर. गाव त्यांना 'जामीन' म्हणायचं. पुढे पुढे दोन पायऱ्यांत निम्मे इकडचे, निम्मे तिकडचे झाले. आपलं म्हातारं जिथं बसलंय तिथं दगड कोण मारणार? त्या भाऊबीजेपासून एक खडा उडाला नव्हता.

"म्हणजे दोन्ही पायऱ्यांत दोन्ही बाजूंची हृदयं," तेजल कपाळाला हात लावून म्हणाली. "वरची आणि खालची रेघ एकमेकींना खाऊन टाकणार. यंत्राला वाटणार, कोणालाच काही वाटत नाही. एकोणीस आले हेच नवल! आणि बाळांचे ठोके तर आम्ही गाळूनच टाकतो. ते नेहमीच जलद असतात, गोंधळ करतात." मग ती सरळ बसली. "पण मग सोपं आहे की. उद्या एक दिवस आपापल्या बाजूला बसा. साठ काय, ऐंशी जाईल."

संध्याकाळी स्वयंपाकघरात समिधानं हे सांगितलं तेव्हा पूर्वा करंज्यांना मुरड घालत होती. तिचे हात थांबले.

"न्हाई."

"एकच दिवस, पूर्वाताई. तुमच्या पोरींसाठी म्हणतोय मी. जोडीनं जाऊ. सामना वाचंल, गौतमी शिकंल, तुमच्या अठराजणी खेळतील."

"त्या दिवशी मी सहा वर्सांचा होतो, माहिताय? आबांचा डोळा बांधलेला. सगळी माळकर माणसं आमच्याकडं बघायलेली. मी रडाय लागलो. तर शेजारच्या एका बाईनं मला मांडीवर घेतलं, आणि तिच्या ओच्यातल्या शेंगा सोलून एकेक दाणा माझ्या तोंडात. तुमचा गोल झाला तरी उठली न्हाई ती, मी मांडीवर होतो म्हणून." पूर्वानं करंजी ताटात ठेवली. "कोण होती कळलं न्हाई अजून. मी फुटबॉल खेळाय लागलो ते तिच्यामुळं."

बाहेर ओट्यावर आबा रावीला खेळवत होते. ते तिथूनच ऐकत असावेत, कारण म्हणाले, "पूर्वे, संघच उरला न्हाई तर जामीन कुणाला ठेवायचा? एक दिवस बसू की घरात बसल्यासारखं."

पूर्वानं उरलेल्या करंजीला मुरड घातली. मग म्हणाली, "बरं. पण समिधा, काय झालं तर तुझ्या डोक्यावर."

"माझ्या डोक्यावर," समिधा म्हणाली.

भाऊबीजेला गाव माहेरवाशिणींनी भरलेलं असतं. ओवाळणी उरकून, हळद-कुंकवाची बोटं तशीच ठेवून माणसं मैदानावर येतात. त्या दिवशी फाटकाशी स्वयंसेवक उभे होते: माळकर डावीकडं, काठकर उजवीकडं. लोक कुरकुरले. एका आजीनं विचारलं, "आणि मी? माहेर माळाकडं, सासर काठाकडं. मधोमध बसू काय, चेंडूवर?" पण सामना वाचवायचाय म्हटल्यावर सगळे गेले आपापल्या बाजूला. आबांनी उत्तरेची वाकळ उचलून दक्षिणेला नेली. विश्वजित, समिधाचा नवरा, तिच्याच कॉलेजात गणित शिकवायचा. तो रावीला घेऊन उत्तरेला बसला.

पहिल्या दहा मिनिटांत तेजलच्या टॅबवर अंक त्रेपन्न झाला. विसाव्या मिनिटाला गौतमीनं डाव्या पायानं चेंडू वरच्या कोपऱ्यात घातला आणि अंक बहात्तर. मधल्या रेघेशी बसलेल्या तेजलनं समिधाकडे बघून अंगठा वर केला. समिधालाही आनंद झाला. खोटं कशाला, खूप झाला. पोरी असं कधीच खेळल्या नव्हत्या. दोन्ही बाजूंचा आवाज भिंतीसारखा उभा होता आणि त्या भिंतींच्या मधोमध त्या वाऱ्यासारख्या धावत होत्या.

मग काठकरांनी बरोबरी केली, आणि आवाज बदलला. आधी घोषणा होत्या. आता नावं घेतली जायला लागली, मग आईबापांची नावं. आज समोर कोणाचीच आजी नव्हती, त्यामुळे जिभेला लाज नव्हती. चाळिसाव्या मिनिटाला उत्तरेकडून पाण्याची अर्धी भरलेली बाटली आली आणि काठकरांच्या गोलरक्षक पोरीच्या खांद्यावर बसली. पोर खाली बसली. पंचांनी शिट्टी मारली. दक्षिणेकडून माणसं उभी राहिली.

अंक: अठ्ठ्याऐंशी.

समिधानं तो आकडा बघितला. यंत्राला हे आवडत होतं. मग तिनं दक्षिणेकडं बघितलं. पायऱ्यांच्या टोकाला भिंत पडकी होती, तिथं दोन-तीन माणसं खाली वाकली होती. ती काय उचलत होती ते लांबून दिसत नव्हतं, पण सगळ्या मैदानाला कळत होतं. त्यांच्यापासून चार हातांवर आबा उभे होते, हात पसरून, एकटेच.

उरलेली मिनिटं कशीबशी संपली. मध्यंतर झालं. पूर्वा मैदानाच्या पलीकडून समिधाकडं बघत होती.

तेजल धावत आली. "समिधा, पहिल्या अर्ध्याची सरासरी चौऱ्याहत्तर. दुसऱ्या अर्ध्यात पन्नास राहिला तरी झालं आपलं! पोलिसांना बोलवू, आणि पंचेचाळीस मिनिटं कशीतरी—"

"मध्यंतर मोजतात?"

"नाही. तार चालू असते, पण सरासरीत धरत नाही. का?"

समिधा उत्तरेच्या पायऱ्यांवर चढली आणि विश्वजितच्या मांडीवरून रावीला उचललं. रावी अर्धवट झोपेत होती, तोंडातून लाळ गळत होती, नवा दात शिवशिवत असणार.

"अगं, कुठं?" विश्वजित म्हणाला.

"जामीन ठेवायला."

आणि ती मैदानातून चालायला लागली. समोरच्या माणसांच्या हातात काय आहे ते न बघता. गवत ओलसर होतं, बुटाखाली पचपचत होतं. अर्ध्यावर गेल्यावर ती थबकली. नऊ महिन्यांचं लेकरू, आणि समोर रागानं उभी हजार माणसं. परत फिरावंसं वाटलं. एवढ्यात रावीनं डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं, आणि आबांना बघून दोन्ही हात टाकले.

आवाज कधी थांबला कोणाला कळलं नाही.

"धरा, आबा," समिधा म्हणाली. "दात येतोय, चिडचिड करेल."

आबांनी नातीला घेतलं आणि खाली वाकळीवर बसले. त्यांच्या मागं भिंतीशी वाकलेल्या माणसांपैकी एकानं हातातलं काहीतरी हळूच खाली टाकलं आणि हात पँटला पुसले.

मग दक्षिणेतून ती माहेर-सासरवाली आजी उठली. "बाजूला व्हा रे खुळ्यांनो," म्हणत काठी टेकत उत्तरेकडं निघाली. तिच्यामागं दुसरी. मग नातवंडं. मध्यंतर पंधरा मिनिटांचं होतं, ते पंचांनी पंचवीस केलं, कारण मैदानावर म्हाताऱ्यांची आणि पोराबाळांची दुहेरी वर्दळ लागली होती. ज्या कोणी बाटली मारली होती तो पुढं येईना. पण उत्तरेकडून एक प्रौढ माणूस मान खाली घालून त्या गोलरक्षक पोरीशी गेला, खिशातून बाम काढून दिला आणि परत न जाता तिच्याच लोकांत बसला.

दुसऱ्या अर्ध्यात पूर्वाच्या पोरींनी दोन गोल केले. काठकर जिंकले. पूर्ण सामन्याची सरासरी आली सेहेचाळीस.

माणसं पांगल्यावर तेजल पायरीवर बसून होती. समिधा तिच्या शेजारी टेकली. रावी तिच्या खांद्यावर झोपली होती.

"मला आकडा बदलता येणार नाही," तेजल म्हणाली.

"मी मागतही नाही."

"पण हे बघा." तिनं टॅब पुढं केला. दोन रेघा होत्या, लाल आणि निळी. पहिल्या अर्ध्यात एकमेकींच्या विरुद्ध उड्या मारणाऱ्या. आणि मध्यंतरात एका ठिकाणी दोन्ही एकत्र आल्या होत्या, एकीवर एक, एकच रेघ वाटावी अशा. "साडेतीन हजार माणसं. सगळ्यांचे ठोके एकत्र चढले, एकत्र उतरले. मी पाच वर्षांत दोनशे मैदानं मोजली. दोन बाजू अशा कधी बघितल्या नाहीत. आम्ही फक्त माणसं किती विरुद्ध आहेत ते मोजत आलो. त्यांना एकत्र कशानं बांधलंय, त्याला आमच्याकडे आकडाच नाही." तिनं पडद्यावर एक खूण काढली. "आणि मग मी गाळणी काढून बघितली."

पडद्यावर एक बारकीशी, दाट, जलद रेघ उगवली. मिनिटाला एकशे सव्वीस. उत्तरेच्या चौथ्या पायरीवर ती अचानक नाहीशी झाली होती. दोन मिनिटं कुठंच नव्हती, आणि मग दक्षिणेच्या तिसऱ्या पायरीवर पुन्हा सुरू झाली. तीच चाल, किंचितही न चुकता.

"ती घाबरली नाही," तेजल म्हणाली. "बाकी सगळे घाबरले होते."

समिधानं रावीच्या टाळूवर ओठ टेकवले.

पहिला निर्णय कायम राहिला, आणि महागटाला उत्तर द्यायचं होतं. समिधानं ते एकटीनं ठरवलं नाही. संघातल्या पंधरा मुलींना बसवून विचारलं. अकराजणी म्हणाल्या, राहू. गौतमी उभी राहून म्हणाली, "मॅडम, मला जायचंय." डोळ्यांत पाणी होतं, पण मान वर होती. समिधानं तिचं सगळ्यांत जास्त कौतुक केलं. त्याच आठवड्यात महागटातल्या पुण्याच्या एका कॉलेजला गौतमीसाठी स्वतः पत्र लिहिलं आणि जूनमध्ये तिला गाडीत बसवून दिलं. त्या वर्षी माळकरांना डाव्या बाजूनं एकही गोल करता आला नाही. महागटाला नकार गेल्यावर प्राचार्य दोन महिने समिधाशी फक्त नोटीसबोर्डवरून बोलले.

पण तेजलनं मंडळाला एक टिपण पाठवलं होतं, त्या आलेखासकट. मंडळानं ते कपाटात ठेवलं. दुसऱ्या कोणीतरी मात्र ते वाचलं. आधी निपाणीकडच्या एका कॉलेजचा फोन आला. त्यांच्या गावात दोन वर्षांपूर्वी डोकी फुटली होती, सामने बंद होते. "तुमच्या गटात जागा हाय का?" मग हुक्केरीकडचं एक, मग आजऱ्याकडचं. सहाचे नऊ झाले. मोडायला निघालेला सीमाभाग गट वाढला. प्रवेशाची अट एकच, ती पूर्वानं लिहिली: 'संघासोबत जामीन आणावेत. म्हातारे अथवा तान्हे. दोन्ही असल्यास उत्तम.'

पुढच्या हंगामातला पहिला सामना. हुक्केरीच्या बाजूनं दोन गाड्या आल्या. पहिलीतून संघ उतरला. दुसरीतून इरकली लुगड्यातल्या आज्या, टोप्या घातलेले आजोबा, शेंगांच्या पिशव्या आणि रडणारी पोरं. पूर्वा त्यांना पायऱ्यांकडं नेत होती आणि जिच्या ओच्यात शेंगा दिसतील तिच्याकडं जरा निरखून बघत होती. सवयच होती ती तिची. रावी आता चालत होती. आबांचं बोट सोडून ती एकटीच समोरच्या पायऱ्यांकडं निघाली होती, वाटेत दोनदा पडली, दोनदा उठली. तेजलही आली होती, रजा काढून, तारेशिवाय. कुठं बसू, तिनं विचारलं. "तुम्हाला कोण जिंकावं वाटतंय?" आबा म्हणाले. "मग त्याच्या समोर."

हुक्केरीच्या संघाची प्रशिक्षक तरुण होती. कडेवर पाच-सहा महिन्यांचं पोर. ती समिधासमोर येऊन उभी राहिली, पण हात काही पोराला सोडेनात.

"मी कधी कुणाकडं दिलो न्हाई ह्याला," ती म्हणाली. "रडंल की ओ."

"रडणारच," समिधा म्हणाली. "आमच्या गावातलं प्रत्येक जण त्या पायऱ्यांवर एकदा तरी रडलंय. द्या."

त्या बाईनं एकदा मागं आपल्या संघाकडं बघितलं, एकदा पोराकडं. मग दिलं.

पोरगं रडलं नाही. त्यानं समिधाच्या गळ्यातली शिट्टी धरली आणि तोंडात घातली. तिनं त्याला घट्ट छातीशी घेतलं. तो बारका, जलद ठोका तिच्या तळहाताला लागला. कुठलीच तार नसताना, अगदी स्पष्ट.